छत्तीस यमकांची कविता आणि फूचौचे उच्चार

चिनी लिपीतले चिन्ह पाहून त्याचा अर्थ कळू शकतो, पण उच्चार माहीत नसेल तर तो त्या चिन्हातून खात्रीने काढता येत नाही. जुन्या चिनी विद्वानांनी या अडचणीवर शोधलेला उपाय म्हणजे यमककोश. त्यात शब्द अर्थानुसार किंवा चिन्हातील रेघांनुसार लावलेले नसतात. कोणता शब्द कोणाशी यमक जुळवतो, त्यावर त्याची जागा ठरते. अशा कोशांपैकी राजदरबारी मान्यता मिळालेल्यांविषयी बरेच लिहिले गेले आहे. मला मात्र अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत दक्षिण चीनच्या फुजियान प्रांतात छापले गेलेले स्वस्तातले, एकेका शहराच्या बोलीपुरते यमककोश अधिक मोलाचे वाटतात, आणि त्यांतही फूचौ शहराचा ‘छी लिन बायिन’, म्हणजे ‘छी आणि लिन यांचे आठ सूर’. (सूर म्हणजे आवाजाचा असा चढउतार, जो बदलला की चिनी शब्दाचा अर्थच बदलतो.)

दरबारी परंपरेची सुरुवात साधारणपणे इ. स. ६०१ मध्ये लू फायेन याने पुऱ्या केलेल्या ‘छियेयुन’पासून मानतात. त्याच्या प्रस्तावनेत लू सांगतो की अनेक वर्षांपूर्वी काही विद्वान मित्र त्याच्या घरी जमले होते, मद्यपान चालले होते आणि उत्तरेकडचे व दक्षिणेकडचे उच्चार यांतले बरोबर कोणते, चूक कोणते, यावर रात्री चर्चा रंगली. तिची टिपणे त्याने ठेवली आणि पुढे त्यांतून कोश रचला. म्हणजे हा कोश कोणत्याही एका गावाची बोली नोंदवत नाही. निरनिराळ्या ठिकाणी जपलेले भेद एकत्र आणून त्यांची बेरीज केलेली ती व्यवस्था आहे. १००८ मध्ये सोंग दरबाराने तिचीच वाढवलेली आवृत्ती ‘क्वांगयुन’ या नावाने प्रसिद्ध केली आणि तिच्यात २०६ यमकवर्ग होते. इतके वर्ग एकाच माणसाच्या बोलण्यात कधी होते का, याविषयी अभ्यासकांना शंका आहे. परीक्षेला बसणारा फुजियानचा विद्यार्थी मात्र ते वर्ग पाठ करत असे, कारण शासकीय परीक्षेतल्या कवितेत यमक त्यांच्याप्रमाणे जुळायला हवे होते, त्याच्या स्वतःच्या कानाला ते जुळो वा न जुळो.

या परंपरेत भारताचा एक धागा आहे, आणि देवनागरी वाचणाऱ्याला तो चटकन दिसतो. बौद्ध भिक्षू मंत्रांसाठी सिद्धम् ही संस्कृत लिहिण्याची लिपी शिकत आणि त्या लिपीबरोबर आपली वर्णमालाही शिकत. शौवन नावाच्या भिक्षूशी जोडलेले एक हस्तलिखित वायव्य चीनमधल्या दुन्हुआंगच्या गुहांत सापडले असून त्यात तीस आद्य व्यंजनांची यादी आहे. पुढे ती छत्तीसांची झाली. छत्तीसांच्या त्या यादीची सुरुवात ज्या चार चिन्हांनी होते, त्यांचे त्या काळचे उच्चार क, ख, ग, ङ यांच्या जवळचे होते. पुढे त, थ, द, न यांचा गट येतो आणि प, फ, ब, म यांचाही. व्यंजनांची उच्चारस्थानानुसार अशी मांडणी करण्याची कल्पना चीनला वर्णमालेच्या अभ्यासातून मिळाली, यावर अभ्यासकांत फारसा मतभेद नाही.

फूचौच्या कोशाने ही छत्तीसांची प्रतिष्ठित यादी बाजूला ठेवली आणि फक्त पंधरा आद्य व्यंजने घेतली. या बोलीत ग, द, ब यांसारखे घोष स्पर्श शब्दारंभी उरलेच नव्हते, दंतोष्ठ्य फ (दात ओठाला लावून म्हटलेला, इंग्रजी f सारखा) नव्हता, आणि जे नाही ते केवळ परंपरा म्हणून मांडण्याची गरज या कोशकाराला वाटली नाही. मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, शहराच्या नावाच्या सुरुवातीचा तो दंतोष्ठ्य फ इथल्या माणसाच्या तोंडी ह होतो, आणि कोशातही ते अक्षर ह या वर्गातच सापडते.

आज उपलब्ध असलेला कोश मुळात दोन पुस्तकांचा जोड आहे. पहिले पुस्तक छी नावाच्या सेनाधिकाऱ्याचे म्हणून ओळखले जाते, दुसरे लिन आडनावाच्या गृहस्थाचे. १७४९ मध्ये जिनआन या नावाने कोणीतरी ती दोन्ही एकत्र केली. जिनआन हे फूचौ परिसराचेच जुने नाव असल्याने संपादकाविषयी त्यावरून फारसे काही हाती लागत नाही. छी म्हणजे सोळाव्या शतकात किनाऱ्यावरच्या चाच्यांशी लढलेला प्रसिद्ध सेनापती छी जीग्वांग, असे लोकपरंपरा सांगते. १५६२ मध्ये तो फुजियानमध्ये लढायला आला हे खरे आहे. त्याने यमकाचा, व्यंजनाचा आणि सुराचा क्रमांक अशा तीन आकड्यांत प्रत्येक शब्द बसवून सैन्यासाठी सांकेतिक भाषा केली, ही कथा अलीकडे फारच लोकप्रिय झाली आहे. कोशाची रचना अशा वापराला सोयीची आहे, एवढे मी मान्य करतो. पण एखादी वस्तू कशासाठी वापरता येईल यावरून ती कशासाठी घडवली हे सिद्ध होत नाही. माझे लक्ष छीपेक्षा त्याच्या हाताखाली काम केलेल्या छन दी या माणसाकडे अधिक जाते. तो फूचौजवळच्या ल्येनच्यांगचा. १६०६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने प्राचीन काव्यातली यमके तपासून असे प्रतिपादन केले की काळ बदलतो, प्रदेश बदलतो, तशी लिपी बदलते आणि उच्चारही सरकतात. आज न जुळणारी यमके पूर्वी जुळत होती, ती कवीची सूट नव्हे. या छोट्या कोशामागे त्याचा हात असावा असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे. पुरावा पुरेसा नसला तरी तर्क अगदीच निराधार वाटत नाही.

आता कोश वापरायचा कसा, ते पाहू. वापरणाऱ्याने दोन कविता आधी पाठ करायच्या असतात. पहिलीत पाच-पाच अक्षरांच्या चार ओळी आहेत. पहिल्या तीन ओळींतल्या पंधरा अक्षरांपैकी प्रत्येक अक्षर एका आद्य व्यंजनाचे नाव आहे. त्यांचे उच्चार क्रमाने ल, प, क, ख, त, फ, थ, च, न, स, मग व्यंजनाविना सुरू होणारा शब्द, मग म, ङ, छ आणि ह. इथला च म्हणजे ‘चाक’ आणि ‘चमचा’ यांतला आपला दंत्य च, आणि छ म्हणजे त्याच दंत्य च ला हकार जोडून होणारा ध्वनी, जो मराठीत नाही. इंग्रजीतून ही बोली शिकणाऱ्याला क-ख, त-थ, प-फ यांतला भेद पकडायला जो त्रास होतो, तो मराठी माणसाला अजिबात होणार नाही. व्यंजनाविना सुरू होणाऱ्या शब्दांच्या वर्गाला हळद्या पक्ष्याचे नाव दिले आहे, कारण फूचौत त्या पक्ष्याचे नाव स्वरानेच सुरू होते. शून्यासाठीही एक अक्षर राखून ठेवणारी ही दृष्टी मला फार आवडते. चौथ्या ओळीचा अर्थ साधारण ‘टाळी वाजवून तुम्हांला कळवतो’ असा आहे, आणि तिच्यातली पाचही अक्षरे आधीच येऊन गेलेल्या व्यंजनांची आहेत. ती ओळ केवळ चौकट पुरी करण्यासाठी आहे.

दुसरी कविता यमकांची. तिच्यात छत्तीस अक्षरे आहेत आणि ती खरोखर कविता म्हणून वाचता येते: वसंतात फुले दरवळतात, शरदात डोंगर मोकळे होतात, मानाचे पाहुणे आनंदाने गातात, त्यांना सोन्याचे पेले हवेत, एकाकी दिव्याचा प्रकाश चांदीच्या समईत जळतो, पूर्वेच्या शिवाराकडे निघावे, पश्चिमेचा पूल ओलांडावा, कोंबड्याची बांग पहाटेला घाई करते, आणि एक विचित्र प्लमचे झाड वाकून ओहोळावर सावली धरते. यातले प्रत्येक अक्षर एका यमकवर्गाचा प्रमुख. पण छत्तीसपैकी वेगळी यमके तेहतीसच आहेत, आणि हे कोश स्वतःच सांगतो: ‘सोने’ आणि ‘पाहुणा’ एकच, ‘प्लम’ आणि ‘पेला’ एकच, ‘झाकणे’ आणि ‘विचित्र’ एकच. मग तीन फाजील नावे का ठेवली? काही जण त्यांत पूर्वी असलेल्या भेदांची आठवण पाहतात, आणि ‘सोने’ या शब्दाबाबत त्याला आधारही आहे. प्राचीन काळी तो शब्द म् ने संपत असे, ‘पाहुणा’ न् ने. फूचौत म्, न् आणि ङ् या तिन्ही अंत्य अनुनासिकांचा एकच ङ् झाला आणि दोन्ही शब्द एका घरात आले. तरीही मला छंदाचे कारण अधिक पटते. ‘सोने’ काढले तर सात अक्षरांची ओळ सहांची होते; ‘प्लम’ आणि ‘झाकणे’ ही दोन्ही शेवटच्या पाच अक्षरी ओळीत आहेत, ती काढली तर ओळच मोडते. पाठांतरासाठी रचलेल्या कवितेत चाल सांभाळण्याला महत्त्व असणारच, आणि कोशकाराने फाजील अक्षरे ठेवूनही ती फाजील असल्याचे लिहून ठेवले, यात त्याचा प्रामाणिकपणा दिसतो.

यमक आणि व्यंजन ठरले की उरतो सूर. नावात आठ सूर आहेत, प्रत्यक्षात सातच. दुसऱ्या आणि सहाव्या घरात तेच शब्द येतात. पहिल्या म्हणजे ‘वसंत’ या यमकात क हे व्यंजन घेऊन एक रांग पाहू. पहिल्या सुरात ‘थोर पुरुष’ या अर्थाचा शब्द येतो, दुसऱ्यात ‘उकळणे’, तिसऱ्यात ‘काठी’, चौथ्यात ‘हाड’, पाचव्यात ‘समूह’, सातव्यात ‘परगणा’. आजच्या फूचौत यांतले ‘थोर पुरुष’, ‘उकळणे’ आणि ‘समूह’ हे तिन्ही शब्द कुङ असे ऐकू येतात. पहिला उंच व सपाट सुरात, दुसरा मधल्या सपाट सुरात, तिसरा उंचावरून उतरत्या सुरात. ‘काठी’ आणि ‘परगणा’ मात्र कोउङ असे ऐकू येतात, आणि ‘हाड’ कोउ असे म्हणून घशात श्वास अडवल्यासारखे तुटते. स्वर उघडउघड वेगळा आहे, तरी कोशाने सगळ्यांना एकाच यमकात ठेवले आहे.

याचे दोन अर्थ संभवतात. १७४९ मध्ये स्वर एकच असेल आणि नंतर फुटला असेल. किंवा तेव्हाही तो वेगळा असेल, पण सुराबरोबर आपोआप बदलत असल्याने बोलणाऱ्याच्या कानाने तो भेद मोजलाच नसेल. १८७० मध्ये मॅक्ले आणि बाल्डविन या अमेरिकन मिशनऱ्यांनी फूचौ बोलीचा रोमन लिपीत कोश छापला, त्यात हे स्वर वेगवेगळे लिहिले आहेत. म्हणजे तोवर तरी भेद होता. यमककोशाची मर्यादा नेमकी इथे उघडी पडते. दोन शब्दांचा उच्चार एकसारखा की वेगळा, एवढेच तो सांगतो. तो उच्चार प्रत्यक्षात कसा होता, हे सांगण्याचे साधन त्याच्याकडे नाही. त्यामुळे आजची बोली, शेजारच्या गावांच्या बोली आणि परकीयांनी रोमन लिपीत केलेली टिपणे यांची सांगड घालूनच त्याच्या रिकाम्या घरांत ध्वनी भरावे लागतात. उलट, रोमन लेखनाला जी गोष्ट सहसा साधत नाही ती या कोशाला साधली आहे: बोलणाऱ्याला स्वतःला कोणते भेद जाणवतात, ते त्यात नोंदले गेले आहे. मिशनऱ्यांनाही याची जाण होती. १८४७ पासून फूचौत आलेल्या या मंडळींनी आपली रोमन लेखनपद्धती बसवताना याच कोशाची पंधरा व्यंजने आणि त्याचीच यमके पायाला घेतली.

फुजियानच्या दक्षिणेला हीच पद्धत दुसऱ्या बोलीसाठी वापरली गेली. १८०० मध्ये च्वानचौ भागातल्या नानआनच्या ह्वांग छियेनने पंधरा व्यंजने आणि पन्नास यमके यांचा कोश काढला. शेतकरी, कारागीर आणि व्यापारी यांना पुस्तक उघडून स्वतःच अक्षर शोधता यावे, त्यासाठी मद्याची भेट घेऊन विद्वानाच्या दारी जाण्याची वेळ येऊ नये, असा हेतू कोशाच्या प्रस्तावनेत मांडला आहे. हे वाक्य मला या साऱ्या ग्रंथप्रकाराची किल्ली वाटते. वापरणारा आधी शब्द स्वतःच्या तोंडाने उच्चारणार आणि त्या उच्चारावरून पान शोधणार. कोशकाराने आपल्या विद्वत्तेपायी शब्द एखाद्या जुन्या, मानाच्या वर्गात ठेवला, तर गिऱ्हाइकाला तो सापडणारच नाही आणि पुस्तक विकले जाणार नाही. दरबारी कोशाला चूक परवडत होती, कारण विद्यार्थी त्याच्याप्रमाणे स्वतःला बदलून घेत असे. बाजारातल्या कोशाला ती परवडत नव्हती.

बोलणे आणि वाचणे यांतली तफावतही या कोशांनी लपवली नाही. दक्षिण फुजियानमध्ये एकाच अक्षराचे अनेकदा दोन उच्चार असतात, एक पोथीतला आणि एक घरातला. ‘डोंगर’ हे अक्षर पोथीत सान, बोलताना नाकातून सुआँ. ह्वांग छियेनने घरच्या बोलीतल्या अर्थाने घ्यायच्या अक्षरांजवळ तशी टीप दिली. १८१८ मध्ये चांगचौच्या शिये शिउलानने पोथीतले उच्चार तांबड्या आणि घरातले काळ्या शाईत छापवले. बटाव्हियात (आजच्या जकार्तात) राहणाऱ्या मेडहर्स्ट या मिशनऱ्याने शियेच्याच कोशावर आपला इंग्रजी कोश बेतला. तो मकावला १८३२ मध्ये छापायला घेतला गेला आणि १८३७ मध्ये पुरा झाला. कँटनच्या बोलीचाही असा एक यमककोश अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून छापला जात होता. त्यात दंत्य च आणि (‘चहा’तला) तालव्य च असे दोन वर्ग वेगळे आहेत. आजच्या कँटनी बोलीत ते एक झाले आहेत, म्हणजे हा बदल अलीकडचा ठरतो. उत्तर फुजियानच्या ज्येनऔ बोलीसाठी १७९५ मध्ये फूचौच्याच धर्तीवर एक कोश निघाला, त्याचा नुसता उल्लेख करून पुढे जातो.

फूचौच्या कोशातल्या काही भिंती आता पडत आहेत. ल आणि न हे वर्ग कोशात स्पष्टपणे वेगळे आहेत, पण शहरातल्या अनेकांच्या बोलण्यात त्यांची सरमिसळ झाली आहे. शब्दाच्या शेवटी येणारा क् आणि घशातला अडथळा हे मिशनऱ्यांनी दोन वेगळ्या रोमन अक्षरांनी लिहिले होते; शहरात आज बहुतेकांच्या तोंडी दोन्हींचा अडथळाच उरला आहे. २००१ मध्ये ली रूलोंग आणि वांग शंगख्वेइ यांनी केलेली या कोशाची सटीप आवृत्ती निघाल्यापासून जुना मजकूर आणि आजचा उच्चार शेजारी ठेवून पाहणे सोपे झाले आहे.

पण फूचौ बोलीचे जे वैशिष्ट्य परक्याला पहिल्यांदा चकवते, ते या कोशात मुळीच नाही. शब्द जोडून बोलताना दुसऱ्या शब्दाचे आद्य व्यंजन बदलते. आधी स्वर असेल तर त, थ आणि स यांचा ल होतो, क, ख आणि ह गळून पडतात. आधी अनुनासिक असेल तर प चा म, त चा न आणि क चा ङ होतो. आपल्याला ‘वाक्’ आणि ‘मय’ जोडून ‘वाङ्मय’ होते हे शाळेत शिकवतात, पण तिथे पहिला शब्द नमतो; फूचौत नमते घेणारा दुसरा. बरोबरीने पहिल्या शब्दाचा सूर बदलतो आणि कधी स्वरही. यमककोशात प्रत्येक अक्षर एकटे उभे असल्याने यातले काहीही त्यात दिसत नाही. या बदलांचे नियम आधुनिक ध्वनिशास्त्राच्या पद्धतीने नीट मांडले ते थाओ यूमिन याने, आणि तेही १९३० मध्ये. ‘छी लिन बायिन’च्या काळी हे बदल होत होते की नाही, हे त्या कोशावरून सांगता येणार नाही.

एकटे अक्षर विचारण्याची ही सवय चीनच्या बोलीसर्वेक्षणात पुढेही टिकली. १९५५ मध्ये छापलेली सर्वेक्षणाची अक्षरतालिका अजून वापरात आहे, आणि तिची मांडणी ‘छियेयुन’च्या परंपरेतल्या वर्गांप्रमाणे आहे. तुलनेसाठी ती सोयीची आहे हे मान्य. पण फुजियानच्या बोली त्या परंपरेच्या आधीच मुख्य प्रवाहातून फुटल्या असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि तालिकेतले अक्षर दाखवून उच्चार विचारला की म्हातारा माणूस पोथीतला उच्चार सांगून मोकळा होतो. घरातला उच्चार त्याच्या ओठांवर येतच नाही. फुजियानच्या गावात जाणाऱ्या सर्वेक्षकाने त्या तालिकेबरोबर त्या भागाचा स्वस्तातला जुना यमककोशही पिशवीत टाकावा, आणि शक्य असेल तर आधी तोच उघडावा, असे माझे मत आहे.